शंभर वॅट खरे, ‘सुपरस्पीड’ मात्र नाही : एका सी-टाइप केबलचे परीक्षण

फोन, लॅपटॉप आणि पॉवर बँक या तिन्हींसाठी एकच लांब केबल असावी, म्हणून मी एका भारतीय कंपनीची दोन मीटर लांबीची, विणलेल्या आवरणाची आणि दोन्ही टोकांना सी-टाइप पिन असलेली केबल घेतली. काही महिने ती रोज वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. किंमत चारशे रुपयांच्या आत आहे. खोक्यावर ठळक अक्षरांत दोन दावे छापलेले आहेत : ‘१०० वॅट फास्ट चार्जिंग’ आणि ‘टाइप-सी ३.१ सुपरस्पीड डेटा’. यांपैकी पहिला पूर्ण खरा ठरला, दुसरा ठरला नाही.

आधी चार्जिंगविषयी. साधी सी-टाइप केबल तीन अँपिअरपर्यंतच प्रवाह वाहून नेते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्यापुढे पाच अँपिअर हवे असतील तर केबलच्या पिनमध्ये ‘ई-मार्कर’ नावाची छोटी चिप असावी लागते. चार्जर आधी या चिपकडून केबलची क्षमता जाणून घेतो आणि मगच जास्त प्रवाह सोडतो. या केबलमध्ये ती चिप आहे आणि केबल-टेस्टरवर ती पाच अँपिअरचीच असल्याचे दिसते. माझा लॅपटॉप ६५ वॅटच्या चार्जरवर चालतो. २० व्होल्टला ते सव्वातीन अँपिअर होतात, त्यामुळे चिप नसलेल्या केबलवर त्याला ६० वॅटच मिळत असत, इथे पूर्ण ६५ मिळतात. एका मित्राच्या मोठ्या लॅपटॉपला १०० वॅटचा चार्जर लावून पाहिला, तेव्हा मीटरवरचा आकडा नव्वदीच्या वर स्थिर राहिला आणि बऱ्याच वेळानंतरही पिना केवळ कोमट झाल्या होत्या. चारशे रुपयांच्या आतल्या केबलकडून एवढी प्रामाणिक कामगिरी मला अपेक्षित नव्हती. २०२१ पासून सी-टाइपवरची कमाल मर्यादा २४० वॅटपर्यंत वाढली आहे. पण घरातल्या बहुतेक उपकरणांना तिची गरज नाही.

डेटाची गोष्ट मात्र वेगळी आहे. यूएसबीच्या मानकात ‘हाय स्पीड’ आणि ‘सुपरस्पीड’ ही विशेषणे मनाला येतील तशी वापरायची नाहीत. ‘हाय स्पीड’ म्हणजे २००० सालच्या यूएसबी २.० चा सेकंदाला ४८० मेगाबिट हा वेग, तर ‘सुपरस्पीड’ म्हणजे २००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३.० चा किमान पाच गिगाबिटचा वेग. या केबलमध्ये सुपरस्पीडला लागणाऱ्या तारांच्या जोड्याच नाहीत, यूएसबी २.० ची एकच जोडी आहे. ४८० मेगाबिट म्हणजे कागदावर ६० मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात माझ्या एसएसडीवर, म्हणजे फायली साठवायच्या बाहेरच्या वेगवान ड्राइव्हवर, चाळीसच्या आसपास. बिट आणि बाइट यांत आठपटीचा फरक असतो आणि खोक्यावरचे आकडे जवळजवळ नेहमी बिटमध्ये असतात, हे खरेदी करताना ध्यानात ठेवायलाच हवे. लग्नाच्या चित्रीकरणाची ४० जीबीची फाइल या केबलने उतरवायला पाव तासाहून अधिक वेळ लागतो. तीच फाइल त्याच एसएसडीवर दहा गिगाबिटच्या केबलने मिनिटाच्या आत उतरते. शिवाय ज्या तारा नाहीत, त्यांच्यावरूनच मॉनिटरकडे चित्र जाते. म्हणून ही केबल लावून मॉनिटरवर काही दिसले नाही तर दोष मॉनिटरचा समजू नये.

दुकानदाराला हे विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “सी-टाइप म्हणजे सी-टाइप, सगळ्या सारख्याच असतात.” पुण्याच्या तपकीर गल्लीपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारांत हेच उत्तर मिळते, आणि जो कोणी ‘सी-टाइप हा पिनचा आकार आहे, वेग नव्हे’ असे म्हणतो त्याला कीस काढणारा ठरवले जाते. माझे ठाम मत असे की, इथे कीस काढणाराच बरोबर आहे. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या या २४ संपर्कबिंदूंच्या पिनने केवळ तोंड सारखे केले. नळाची जोडणी सगळीकडे एकाच मापाची असली तरी आतला पाइप अर्ध्या इंचाचा की एक इंचाचा, हे विचारावेच लागते. आयफोन १५ चेच पाहा. २०२३ मध्ये आलेल्या त्या साध्या फोनलाही सी-टाइप पिन आहे आणि प्रो मॉडेललाही. पण साध्याचा डेटा-वेग यूएसबी २.० चा, तर प्रोचा दहा गिगाबिटचा, आणि प्रोच्या खोक्यात मिळणारी केबलसुद्धा यूएसबी २.० चीच.

अशा काटेकोरपणाचा उपयोग एकदा जगाने पाहिला आहे. २०१५ च्या अखेरीस गुगलचे अभियंते बेन्सन लिउंग यांनी अ‍ॅमेझॉनवर विकल्या जाणाऱ्या सी-टाइप केबल एकेक तपासून त्यांची परीक्षणे लिहायला सुरुवात केली. त्यांचा मुख्य आक्षेप एका रोधाविषयी (रेझिस्टर) होता : जुन्या चौकोनी पिनकडून सी-टाइपकडे जाणाऱ्या केबलमध्ये ५६ किलोओहमचा रोध हवा असताना अनेक उत्पादक १० किलोओहमचा बसवत होते. त्यामुळे फोनला समोरचा चार्जर तीन अँपिअर देऊ शकतो असे वाटे आणि फोन त्याच्या कुवतीपेक्षा जास्त प्रवाह ओढू लागे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तर वीज आणि ग्राउंड यांच्या तारा उलट जोडलेल्या एका केबलने त्यांचा लॅपटॉप आणि तपासणीची उपकरणे निकामी केली. पुढच्याच महिन्यात अ‍ॅमेझॉनने मानकाबाहेरच्या सी-टाइप केबलच्या विक्रीवर बंदी घातली. ग्राहकांना नको तितका बारीक वाटणारा तपशील त्यांनी लावून धरला नसता, तर कितीतरी घरांतले चार्जर आणि लॅपटॉपचे पोर्ट बिघडले असते.

न्यायाने बोलायचे तर या गोंधळाचा काही दोष मानक ठरवणाऱ्या यूएसबी-आयएफ या संस्थेकडेही जातो. पाच गिगाबिटचा तोच वेग आधी ३.०, मग ३.१ जेन १ आणि पुढे ३.२ जेन १ म्हणून ओळखला गेला. २०२२ पासून मात्र ग्राहकांसाठी नुसता वेगाचा आकडा छापावा असे ठरले आहे. आणखी एक बाजू अशी की दोन मीटरच्या साध्या केबलमध्ये दहा गिगाबिट नीट टिकवणे अवघडच असते, वेगवान केबल आखूड आणि जाड असतात. लांब, मऊ आणि स्वस्त केबल हवी असेल तर डेटाचा वेग सोडावा लागतो. तडजोड रास्त आहे, ती लपवणे रास्त नाही.

बांधणी चांगली आहे, पिना सैल झालेल्या नाहीत. फोन-कंपनीची स्वतःची वेगळी चार्जिंग पद्धत असेल तर मात्र तिच्या जाहिरातीतला वेग या केबलवर मिळेलच असे नाही.

चार्जिंगसाठी ही केबल मी निःशंकपणे घ्यायला सांगेन. एसएसडी, मॉनिटर किंवा कॅमेऱ्याच्या मोठ्या फायलींसाठी ‘१० जीबीपीएस’ (सेकंदाला दहा गिगाबिट) किंवा त्याहून मोठा आकडा स्पष्ट छापलेली एक मीटरच्या आतली केबल वेगळी घ्यावी. कंपनीला मी लेखी कळवले आहे की पुढच्या छपाईत ‘३.१ सुपरस्पीड’ काढून तिथे ‘४८० एमबीपीएस’ असे लिहावे. अद्याप उत्तर आलेले नाही.