सातारा एमआयडीसीतलं गॅरेज: पंप बदलायच्या आधी प्रेशर मोजणारे मिस्त्री

चार स्टार. पाचवा का नाही ते पुढं येईलच. गॅरेजचं नाव टाकत नाही कारण मिस्त्रीच म्हणाले की ताई नेटवर नाव नका टाकू, आहेत त्याच गाड्या शेडमधी मावेनात. कोडोलीच्या अंगाला एमआयडीसीत पत्र्याची शेड आहे, तिकडं कुणालाही इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांचा मिस्त्री विचारा, सांगतात.

झालं काय, भाच्यानं आमची हॅचबॅक रिझर्व्हचा दिवा लागलेला असताना मित्रांना घेऊन कासला काढली आणि यवतेश्वरच्या घाटात ती बंद पडली. घाटातच का, तर टाकीत तळाला थोडंच पेट्रोल असलं की चढावर ते सगळं मागं सरकतं आणि टाकीतनं इंजिनाला पेट्रोल पाठवणाऱ्या पंपाच्या तोंडाशी काही राहत नाही, सपाटीला तीच गाडी अजून थोडी गेली असती. पेट्रोल पंपावर बाटलीत देत नाहीत म्हणून पोरांनी कुणाच्या तरी बाईकमधनं नळीनं ओढून लिटर-दीड लिटर आणून ओतलं, तरी गाडी उठेना, मग सेल मारून मारून बॅटरीपण उतरवली. वास्तविक अशा वेळी नुसती चावी ऑन करून दोन-तीन सेकंद थांबायचं, मागनं पंपाची घूं ऐकू येते, मग ऑफ, परत ऑन, असं चार-पाच वेळा केलं की पेट्रोलची लाइन भरते आणि मगच सेल मारायचा. आणि चढावर दीड लिटरनं काय होतंय, पाच तरी पाहिजे.

गावातल्या एका वर्कशॉपला नेली (नाव घेत नाही), तिथं बॅटरी चार्ज करून, पेट्रोल भरून गाडी चालू झाली, पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गचके, थर्डला चढावर तर जीवच नाही. त्यांनी बॉनेटसुद्धा नीट उघडलं नाही, थेट पाच आकडी कोटेशन दिलं, अख्खी पंप असेंब्ली बदला म्हणून. आता त्यांचा संशय अगदीच हवेतला नव्हता, कारण तो इलेक्ट्रिक पंप टाकीत पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला गार ठेवतं, कोरडा फिरला की तापतो, मोटर झिजते. पण झिजलाय का ते मोजायला नको का?

इथं हे मिस्त्री आवडले. पहिला प्रश्न, "गाडी पूर्ण कोरडी पडली होती का दिवा लागल्यावर भरली?" मग गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारा स्कॅनर लावला, त्यात मिक्श्चर लीनचा कोड निघाला, पी शून्य एकशे एकाहत्तर, आणि तो बघून लगेच पार्ट सांगितला नाही. कोड फक्त एवढंच सांगतो की हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय, का कमी पडतंय ते हुडकावं लागतं. आधी फ्यूज आणि रिले (पंपाला करंट देणारा स्विच) तपासले. मग लाइनला प्रेशर गेज लावला आणि मला बोलावून दाखवला, आमच्या गाडीला साधारण तीन बार (प्रेशरचं माप) पाहिजे, आयडलिंगला काटा तिथंच, रेस केली की घसरायचा. पंपाच्या कनेक्टरला गाडी चालू असताना व्होल्टेज मोजलं, ते व्यवस्थित. म्हणजे करंट पोचतोय, पंप फिरतोय, पण जास्त मागितलं की ओढायला त्याला पेट्रोल मिळत नाही.

मागची सीट उचलून पंप बाहेर काढला तर खालची जाळी काळी ठिक्कर, चहाच्या गाळणीत चोथा बसावा तशी! वर्षानुवर्षं तळाला बसलेला गाळ पेट्रोल संपताना सगळा तिच्यावर ओढला गेला. टाकीच्या तळाला पाण्याचे थेंबपण होते, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी धरतं, म्हणून टाकी रिकामी करून पुसली. जाळी नवीन, फिल्टर नवीन, परत गेज लावून रेस केली, काटा हलला नाही. बिल त्या कोटेशनच्या पाव हिस्सापण नाही झालं.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली, पंप थोडा तरी तापला असणारच, गॅरंटी देत नाही, मागनं घरघर वाढली किंवा सकाळी स्टार्टिंगला लांबायला लागली तर घेऊन या. हे सगळं माझ्याशी बोलले हां, मिस्टर शेजारी उभे होते तरी. बाईमाणसाला गाडीतलं काय कळतंय असा सूर कुठं नाही.

स्टार कापला तो वेळेमुळं. संध्याकाळी देतो म्हणाले, दिली दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर, आणि फोन लय वाजवला तरी उचलत नाहीत. बसायला एक मोडकी खुर्ची, तीपण हाताखालच्या पोराच्या पान्यांनी भरलेली. बिल वहीतल्या कागदावर, यूपीआय चालतं.

डिझेलवाल्यांनी मात्र ते चावी ऑन-ऑफ करून सेल मारायचं वाचून तसंच करायला जाऊ नका. डिझेल संपलं की लाइनमध्ये हवा धरते, ती हँड प्रायमरनं, म्हणजे हातानं दाबायच्या छोट्या पंपानं, काढावी लागते, आणि कॉमन रेलच्या, म्हणजे आताच्या डिझेल इंजिनांच्या, हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं, कोरडं क्रँकिंग त्याला लय महागात पडतं. दिराची डिझेल जीप हे मिस्त्री घेतच नाहीत, दुसरीकडं पाठवतात.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा आणि टाकी फुल करून नेऊ नका, पंप काढायचा तर आधी ते सगळं पेट्रोल कॅनमध्ये काढत बसावं लागतं, त्यातच अर्धा दिवस जातो.