फाइलमागे पन्नास पैसे: लेकहाऊसच्या नावाखाली १,८४,०४४ रुपयांचा गंडा

लाज वाटत होती म्हणून दोन महिने गप्प होतो. पण परवा हर्णै बंदरात एका बर्फवाल्याने विचारलं, "तो फाइलमागे पन्नास पैसे घेणारा पोरगा कसा आहे हो?" म्हटलं, आता लिहायलाच हवं.

दापोली तालुक्यात आमचं मासळीचं छोटं कोल्ड स्टोरेज आहे. सात खोल्या, सात टेम्परेचर लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणारी यंत्रं. दर पाच मिनिटांनी एक नोंद, म्हणजे दिवसाला एका लॉगरच्या २८८ नोंदी आणि त्यांची एक सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे असलेली साधी फाइल. या सगळ्या फाइली ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर पडून होत्या. आमचा माल घेणाऱ्या निर्यातदाराने २०१८ ते २०२३ असा सहा वर्षांचा रेकॉर्ड ऑडिटसाठी मागितला. सीएसव्ही नको, टेबलात हवा, तारीख टाकली की दिसला पाहिजे. तेव्हा ओळखीतून हा आला. "शेठ, लेकहाऊसमध्ये टाकू. एका फाइलचे फक्त पन्नास पैसे." लेक म्हणजे तळं. लेकहाऊस म्हणजे सगळ्या फाइली एका ठिकाणी साठवून टेबलासारख्या शोधता येणारी डेटाची कोठी.

पन्नास पैसे! हल्ली त्यात गोळीसुद्धा येत नाही. आता कोणी म्हणेल, फाइली किती ते आधी मोजायच्या ना. मान्य. पण जून-जुलै मासेमारी बंद, हाताखालची माणसं गावी गेलेली, आणि त्या कॉम्प्युटरपुढे बसायला मला कुठे येतंय? म्हैस पाण्यात होती आणि मी काठावर उभा राहून सौदा केला. हे तळ्याचंच प्रकरण असल्याने म्हण फारच लागू पडते.

पैसे तीनदा दिले. २५,००० ॲडव्हान्स, मग ७५,०००, शेवटी ८४,०४४. एकूण १,८४,०४४. बिल मागितलं नाही, कारण तो म्हणाला बिलावर १८ टक्के जीएसटी लागेल. म्हणजे ३३,१२८ रुपये वाचवले मी. हसा. हा हिशोब मी रोज रात्री करतो.

आता मुद्द्याचं. २६ जुलैला त्याने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. सहा वर्षांची निळी रेघ, उणे १८ च्या आसपास, एकसारखी. २०२० वर आणून बोट ठेवत म्हणाला, "बघा शेठ, एकही गॅप नाही." जून २०२०. स्क्रीनवर उणे १८.४, उणे १८.२, उणे १८.३. मी चहाचा घोट घेतला आणि "व्वा" म्हणालो.

व्वा! ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं आणि दापोली-मंडणगडात खांब काड्यांसारखे मोडले. आमच्याकडे ४ ते २२ जून, १९ दिवस वीज नव्हती. जनरेटरची शेड उडालेली, डिझेल मिळत नव्हतं. लॉगर बंद. बंदीतला जुना साठा, सुरमई आणि म्हाकूल मिळून ११०० किलो, मी स्वतः उभा राहून मागच्या खड्ड्यात पुरला. तो वास अजून नाकात आहे. आणि त्याच दिवसांचं उणे १८ समोर दिसताना मी व्वा म्हणालो! तिथेच लॅपटॉप मिटून त्याला दारात उभा केला असता तर निदान ८४,०४४ तरी वाचले असते. पण १ ऑगस्टला होड्या निघायच्या होत्या, डोकं बर्फात आणि मजुरांत अडकलेलं.

उघडकीला आणलं निर्यातदाराच्या ऑडिटवाल्या बाईंनी. फोनवर म्हणाल्या, "काका, निसर्गात तुमच्याकडे वीज होती?" मला उत्तर सुचेना. खोटा रेकॉर्ड मी बनवला असंच त्यांना वाटलं, अजूनही वाटत असेल.

मग भाचा आला पुण्याहून. त्याने जुन्या कॉम्प्युटरवरच्या फाइली मोजल्या, १४,९०२. सहा वर्षांचे २,१९१ दिवस गुणिले सात म्हणजे १५,३३७. दुरुस्तीचे आणि वादळाचे मिळून ४३५ कमी, बरोबरच आहे. पण त्या दीडशहाण्याने १५,३३७ पूर्ण केल्या. जून २०२० चे ते १९ दिवस म्हणजे मे २०१९ चे आकडे, तारीख बदलून, दशांशासकट तेच. मग प्रत्येक फाइलचे २४ तुकडे केले, तासाला एक. १५,३३७ गुणिले २४, ३,६८,०८८ फाइली, पन्नास पैशांप्रमाणे १,८४,०४४. बनावट भरीतून त्याला मिळाले किती? ५,२२० रुपये. ५,२२० साठी माझं नाक कापलं.

तुकड्यांनी आणखी घाण केली. भाच्याने एक पार्के फाइल उघडून दाखवली. लेकहाऊसमध्ये टेबलाचा डेटा अशा फाइलींत ठेवतात. आत १२ ओळी आणि त्यांच्यापेक्षा मोठी शेवटची माहितीपट्टी, कुठला कॉलम कुठे, किमान किती, कमाल किती. "मामा, हे म्हणजे एकेक बोंबील वेगळ्या पेटीत भरण्यासारखं आहे." एका महिन्याचं तापमान विचारलं की हजारो पेट्या उघडायच्या, म्हणून स्क्रीन गरगरत बसायची. मला वाटायचं आमचं नेट. आइसबर्ग म्हणजे लेकहाऊसमध्ये टेबल ठेवायची एक पद्धत, त्यात एका फाइलच्या आकाराचं मुळात ठरलेलं लक्ष्य ५१२ एमबी असतं. माझा सहा वर्षांचा सगळा डेटा एकत्र केला तरी तेवढा भरत नाही! मोबाइलच्या व्हिडिओएवढ्या डबक्याला मी तळं समजलो. फाइलमागे दर सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. फाइल कितीही बारीक चिरता येते.

पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, "लेकहाऊस? कुठलं, मुरुडचं की कर्द्याचं?" अर्धा तास मी सांगतोय की ते रिसॉर्ट नाही. शेवटी अर्जात लिहिलं काय, तर 'रिसॉर्ट बुकिंग फसवणूक'. दुसऱ्या खेपेला साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, काम केलंय ना त्याने, मग हा दिवाणी मामला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तिथे ओटीपी कोणाला दिला का हेच तीनदा. सायबर तक्रारीच्या पोर्टलवर माझ्या प्रकाराला रकानाच नाही, 'इतर' मध्ये टाकलं. मग एसटीने सकाळी निघून रत्नागिरी, तिथे साहेब मीटिंगला. ग्राहक आयोगाचं वकिलांनी आधीच सांगितलं, धंद्यासाठी घेतलेली सेवा, तुम्ही ग्राहक धरले जाणं कठीण. आणि सगळीकडे शेवटचा प्रश्न एकच: बिल आहे का?

टेबलाचा इतिहास मागा, हे कोणी मला आधी सांगितलं असतं तर! डेल्टा (आइसबर्गसारखीच दुसरी पद्धत) असो की आइसबर्ग, कधी किती फाइली, किती ओळी घातल्या ते टेबल स्वतः लिहून ठेवतं. भाच्याने पाच मिनिटांत काढलं. भरलेली फाइल पुन्हा आली तर वगळणारी सोयही असते, डेटाब्रिक्स या लेकहाऊस सेवेतली 'कॉपी इन्टू' ही आज्ञा तशीच. मूळ सीएसव्हीला हात लावू देऊ नका, माझ्याकडे त्या राहिल्या म्हणून निभावलं. आणि रोजच्या नोंदी मोजा. सहा वर्षांचा एकूण एक दिवस बरोब्बर २८८ आला तर आधी आठवा, त्या दिवसांत लाईट होती का.

भाच्याने १४,९०२ फाइली जेवणाआधी बसून पुन्हा भरल्या, महिन्याप्रमाणे एकत्र करून. पैसे घेतले नाहीत, बांगड्याचं तिखलं खाऊन गेला. आता जून २०२० मध्ये रेघ तुटते, १९ दिवस कोरे. त्याचा स्क्रीनशॉट मी त्या बाईंना पाठवला. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.