डिझाइन आणि सल्ल्याच्या कामासाठी घेतलेली व्यावसायिक दायित्व पॉलिसी

भोसरी एमआयडीसीत आमचा जिग आणि फिक्स्चर, म्हणजे यंत्रावर काम करताना सुटा भाग नेमक्या जागी धरून ठेवणारी साधने, बनवण्याचा कारखाना आहे. ग्राहकांना डिझाइन करून देण्याचे आणि सल्ल्याचे काम वाढल्यावर आम्ही ही पॉलिसी घेतली. प्रॉडक्ट लायबिलिटीची पॉलिसी आधीपासून होती. पण ती मुख्यतः मालामुळे कोणाला इजा झाली किंवा मालमत्तेचे नुकसान झाले तर कामाला येते, आणि ड्रॉइंगमधल्या चुकीमुळे ग्राहकाला झालेला निव्वळ आर्थिक तोटा तीत सहसा बसत नाही.

गेल्या वर्षी एका फिक्स्चरच्या ड्रॉइंगमध्ये लोकेटिंग पिनचे अंतर अर्ध्या मिलिमीटरने चुकले, ग्राहकाचे दोनशे सुटे भाग भंगारात गेले आणि भरपाईची नोटीस आली. विमा कंपनीने दावा मान्य केला आणि वकिलाचा खर्चही दिला, याचे मनापासून कौतुक वाटते. मात्र उशिरा माल दिल्याबद्दल करारात ठरलेला दंड आम्हालाच भरावा लागला, आणि प्रत्येक रिव्हिजनवरची ग्राहकाची मंजुरीची सही शोधण्यात तीन आठवडे गेले.

खरी नाराजी एजंटवर आहे. या पॉलिसीत चूक केव्हा झाली एवढेच पाहत नाहीत, दावा पॉलिसीच्या मुदतीत यावा लागतो, आणि पूर्वलक्षी तारखेच्या (पॉलिसीत लिहिलेली, जिच्यापासून पुढच्या कामालाच संरक्षण लागू होते ती तारीख) आधी केलेल्या कामाला संरक्षण मिळत नाही. ही गोष्ट त्यांनी सांगितलीच नाही. आमची जुनी ड्रॉइंग्ज त्यामुळे उघडी राहिली. पॉलिसी घ्यावीच, पण सही करण्यापूर्वी ती तारीख लेखी मागून घ्यावी आणि नूतनीकरणात एक दिवसाचाही खंड पडू देऊ नये.