कुपवाडच्या शेडमधील ऑटो-डार्कनिंग वेल्डिंग हेल्मेट : एक परीक्षण

गळीत हंगाम तोंडावर आला की कुपवाड एमआयडीसीतील फॅब्रिकेशन शेडसमोर ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्यांची रांग लागते. आमच्या शेडमध्ये यंदा काळ्या काचेच्या हातढालीऐवजी चार सेन्सरचे, मध्यम किमतीचे ऑटो-डार्कनिंग, म्हणजे काच आपोआप काळी होणारे, हेल्मेट वापरात आणले. हे परीक्षण त्याचे आहे.

हातढालीची काच कमकुवत नसते, खरी अडचण टॅक, म्हणजे भाग जागेवर धरून ठेवणारे छोटे टाके, मारताना येते. आर्क (वेल्डिंगची प्रखर विद्युतज्योत) पेटण्यापूर्वी काळ्या काचेतून काहीच दिसत नसल्याने वेल्डर ढाल बाजूला धरून रॉड टेकवतो आणि ढाल चेहऱ्यासमोर येईपर्यंत एखादा झोत डोळ्यांत जातोच. काम संपते तेव्हा त्रास जाणवत नाही; तो सहसा सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारख्या टोचणीने सुरू होतो, कारण अतिनील किरणांनी बुबुळावरील पारदर्शक पडदा भाजलेला असतो. (बटाट्याचे काप ठेवल्याने थंडावा मिळतो, पण तो उपचार नव्हे. मिरज जवळच आहे, डॉक्टरांकडे जावे.)

या हेल्मेटमधून आर्कच्या आधीही सांधा दिसतो. तेव्हा काचेची छटा ४ असते (क्रमांक जितका मोठा, तितकी काच काळी). सेन्सरला आर्कचा प्रकाश मिळताच द्रव-स्फटिकाच्या थरावर विद्युतदाब बदलतो आणि छटा निवडलेल्या ९ ते १३ या क्रमांकावर जाते. खोक्यावर १/२५,००० सेकंद हा वेग ठळकपणे छापलेला आहे आणि विक्रेतेही त्याचेच कौतुक सांगतात. मात्र अतिनील व अवरक्त किरण अडवणे हे या वेगाचे काम नाहीच. ते काम काचेवरील कायमस्वरूपी फिल्टर करतो, काच उजळ असतानाही आणि सेल संपल्यावरही. सेल संपला तर धोका उरतो तो डोळे दिपवणाऱ्या दृश्य प्रकाशाचा, ज्यातील निळा भाग दृष्टिपटलाला घातक असतो. म्हणूनच वेगाच्या आकड्यापेक्षा काचेवर ईएन ३७९ सारख्या, अशा काचांसाठीच्या युरोपीय मानकाची खूण आहे का, हे आधी पाहावे. खूण नसलेल्या स्वस्त हेल्मेटच्या फिल्टरची खात्री कोणी द्यायची?

३.१५ मिमी रॉडने साधारण १०० ते १३० अँपिअरवर काम करताना १० किंवा ११ ही छटा आम्हाला पुरली. टॅकिंगची गती स्पष्टपणे वाढली आणि ढाल धरणारा हात जॉब सावरायला मोकळा झाला.

उणिवाही आहेत. ट्रॉलीच्या चेसिसच्या कोपऱ्यात, चॅनेलआड सेन्सर झाकले गेले की काच क्षणभर उजळते. शेडबाहेर उन्हात संवेदनशीलता वाढवून ठेवल्यास ती विनाकारण काळी होते, तर कमी अँपिअरच्या टिग (टंगस्टन इलेक्ट्रोड व निष्क्रिय वायू वापरून केलेल्या वेल्डिंगच्या) कामाला तीच संवेदनशीलता लागते, त्यामुळे नॉब वारंवार फिरवावा लागतो. पुढची पॉलिकार्बोनेट पट्टी छर्‍यांनी लवकर खरवडली जाते; सुट्या पट्ट्या हेल्मेटबरोबरच घ्याव्यात. स्लॅग (सांध्यावर जमलेली कडक खपली) झाडताना हेल्मेट वर केले जाते, तेव्हा आत साधा सुरक्षा चष्मा हवाच.

दररोज टॅकिंग करणाऱ्या वेल्डरसाठी ही खरेदी निःसंशय योग्य आहे. आठवड्यातून एखादा सांधा मारणाऱ्याला जुनी काळी काच पुरेशी आहे. जॉब धरून समोर उभ्या असलेल्या हेल्परला मात्र वेल्डरच्या हेल्मेटचा काडीचाही उपयोग नाही, त्यामुळे आम्ही त्याच्यासाठी वेगळी ढाल आणि शेजारच्या टेबलांसाठी पडदे घेतले.