‘द घान’च्या प्रवासातून एका दिवसाची उलुरू सहल

‘द घान’ ही रेल्वेगाडी डार्विन ते ॲडलेड असे २९७९ किलोमीटरचे अंतर कापत ऑस्ट्रेलियाच्या मधोमध धावते आणि वाटेत ॲलिस स्प्रिंग्जला थांबते. तिथून जादा पैसे भरून विमानाने उलुरूला, म्हणजे वाळवंटात उभ्या असलेल्या त्या प्रचंड तांबड्या खडकाकडे, जाऊन येण्याची सहल आम्ही पती-पत्नींनी घेतली. रस्त्याने हे अंतर सुमारे ४५० किलोमीटर आहे, त्यामुळे रेल्वे थांबते तेवढ्या वेळात मोटारीने जाऊन येणे शक्य नाही. विमानाचे पैसे जड वाटले, पण दुसरा पर्याय नव्हता.

विमान लहान होते आणि प्रत्येकाला खिडकी मिळाली. तांबड्या मातीच्या अथांग विस्तारात अमेडियस सरोवराचे कोरडे, मिठाने पांढरे झालेले पात्र दिसते, तर डावीकडे माउंट कॉनर हा सपाट माथ्याचा डोंगर दिसतो. अनेक जण त्यालाच उलुरू समजतात आणि आमच्या विमानातही तसेच झाले. खरा उलुरू दिसल्यावर मात्र सगळे आपोआप गप्प झाले.

सहलीतला सर्वांत चांगला भाग म्हणजे उलुरूच्या पायथ्याने जाणाऱ्या ‘माला’ नावाच्या वाटेवरची पायपीट. छायाचित्रांत उलुरू गुळगुळीत दिसतो. प्रत्यक्षात जवळ गेल्यावर त्याच्या पृष्ठभागाचे पातळ पापुद्रे सुटलेले दिसतात आणि पापुद्रा गळून पडला आहे तिथे आतला दगड करडा असतो. दगडातल्या लोहाला हवापाण्याने गंज चढून बाहेरचा तांबडा रंग आला आहे, हे गाइडने तिथेच उभे राहून दाखवले, म्हणून ते मनावर ठसले. ३४८ मीटर उंची आणि साडेनऊ किलोमीटरच्या आसपासचा घेर हे आकडे आधी वाचले होते, पण पायथ्याशी उभे राहून वर पाहिल्याशिवाय त्यांचा अर्थ कळत नाही.

याच वाटेच्या सुरुवातीला दगडावर वर जाणारा एक फिकट पट्टा दिसतो. पर्यटकांच्या पायांनी घासून घासून तो तयार झाला आहे. ही भूमी ज्यांची आहे त्या अनांगू लोकांनी कित्येक वर्षे ‘वर चढू नका’ अशी विनंती केली होती, कारण त्यांच्या चुकुर्पाशी, म्हणजे त्यांचा धर्म, कायदा आणि पूर्वजांच्या कथा ज्यात एकत्र येतात त्या परंपरेशी, ही चढणीची वाट जोडलेली आहे. चढणाऱ्यांना ते ‘मिंगा’, म्हणजे मुंग्या, म्हणत. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी ही जमीन त्यांना परत मिळाली व त्यांनी ती ९९ वर्षांच्या कराराने राष्ट्रीय उद्यानासाठी दिली. पुढे २०१९ मध्ये त्याच तारखेला चढाई कायमची बंद झाली. आमच्या गाइडने हा इतिहास कुठेही सौम्य न करता सांगितला, याबद्दल तिचे मनापासून कौतुक वाटते. प्रदक्षिणेची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना तर माथा गाठण्यापेक्षा पायथ्याने फिरणेच अधिक योग्य वाटावे.

काही ठिकाणी छायाचित्र घेऊ नये अशा पाट्या आहेत, कारण तिथले दगड आणि गुहा फक्त पुरुषांच्या किंवा फक्त स्त्रियांच्या विधींशी संबंधित आहेत. आमच्या गटातल्या एका प्रवाशाने पाटी पाहूनही मोबाइल वर केला, तेव्हा गाइडने त्याला तिथल्या तिथे थांबवले. असे करायला धैर्य लागते.

तक्रार आहे ती वेळेच्या आखणीबद्दल. सहल चालवणाऱ्या कंपनीने जेवणाला सव्वा तास दिला आणि सांस्कृतिक केंद्राला जेमतेम वीस मिनिटे. चुकुर्पातल्या कुनिया आणि लिरू या दोन सर्पांच्या आकारात बांधलेल्या या केंद्रात अनांगू लोक आपली गोष्ट आपल्या शब्दांत सांगतात, इथून उचलून नेलेले दगड पश्चात्तापाच्या पत्रांसह परत पाठवणाऱ्या पर्यटकांबद्दलही तिथे कळते. ते सगळे नीट वाचायला किमान तासभर हवा. मुतिजुलूच्या पाणवठ्यावरही आम्ही धावतपळत पोहोचलो. पाऊस पडला की जिथून पाणी कोसळते तिथे दगडावर लांब काळे ओघळ उमटले आहेत आणि खाली झाडांच्या सावलीत संथ पाणी आहे. अशा जागी पाच मिनिटे तरी गप्प बसू द्यायला हवे होते. सूर्यास्त पाहायलाही मिळत नाही, कारण अंधार पडण्यापूर्वी विमानाला परतावे लागते, आणि ही गोष्ट नोंदणीच्या वेळी स्पष्ट सांगायला हवी होती.

जाणाऱ्यांनी चेहऱ्यावरून घ्यायची जाळी अवश्य न्यावी, कारण माश्या डोळ्यांत आणि नाकात शिरतात. उन्हात तासाला एक लिटर पाणी लागते, तेवढे प्रत्येकाने जवळ ठेवावे. गाडीच्या वेळापत्रकामुळे एकच दिवस हाती असेल तर ही सहल जरूर घ्यावी, परंतु ज्यांना आपली तारीख ठरवता येते त्यांनी ॲलिस स्प्रिंग्जला गाडीचा प्रवास संपवून उलुरूजवळ दोन रात्री राहावे. उद्यानाचा प्रवेश परवाना तीन दिवस चालतो. आमचा काही तासांतच निरुपयोगी झाला, आणि उलुरूजवळच्या काटा जुटा या खडकसमूहाचे ३६ घुमट आम्हाला फक्त परतीच्या विमानातून, पंखाखालून सरकताना दिसले.