केबल मॅनेजमेंटच्या नावाखाली मागे काय लपवलंय ते उघडून बघा

सांगलीत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग हे माझं पोट आहे. सीझनच्या तोंडावर गावातल्याच एका दुकानातून पीसी असेंबल करून घेतला. रायझन 7 5800एक्स प्रोसेसर, आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड, 650 वॉटचा एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारं युनिट), तोही 80 प्लस गोल्ड, म्हणजे वीज कमी वाया घालवणाऱ्या दर्जाचा, आणि प्रोसेसर थंड ठेवायला 240 एमएमचा लिक्विड कूलर. एकूण ₹98,500. त्यात एसएमपीएसचे ₹6,900, कूलरचे ₹7,200 आणि 'प्रीमियम केबल मॅनेजमेंट'चे, म्हणजे वायरी नीट लपवून बांधण्याचे, ₹2,500 वेगळे. ₹60,000 यूपीआयने दिले, ₹38,500 रोख. रोख दुकानदारानेच मागितले. "पक्कं बिल घेतलं तर 18 टक्के वर पडतील," म्हणाला. कच्च्या बिलावर घेणारा मी गावात एकटा नाही. पण तुम्ही घेऊ नका. पक्क्या बिलावर प्रत्येक पार्टचा मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या.

काचेतून मशीन देखणं दिसत होतं. एक वायर इकडची तिकडे नाही. एसएमपीएस खालच्या बंद कप्प्यात, बाकी सगळं मागच्या झाकणाआड.

त्या संध्याकाळचा एक क्षण डोक्यातून जात नाही. पोरगं मागचं झाकण लावत होतं. झाकण बसेना, म्हणून गुडघ्याने दाबत होतं. फटीतून चपटा काळा प्लग आणि त्यातून निघालेल्या पिवळ्या-काळ्या वायरी दिसल्या. मी विचारलं, "हे काय रे?" मालकच काउंटरवरून बोलला, "हार्डडिस्कचं कनेक्शन आहे सर, निवांत घेऊन जावा." माझ्या मशीनमध्ये हार्डडिस्कच नव्हती! फाइली साठवायला एम.2 एसएसडी होती, ती थेट मदरबोर्डवर बसते, तिला वायर लागत नाही. हे मला माहीत होतं. पण दहा माणसं दुकानात, घरून फोन चालू, समोर इतकी वर्षं धंदा करणारा माणूस ठामपणे सांगतोय. तिथे कोण उलटतपासणी घेणार? लगेच झाकणावर वॉरंटीचं स्टिकर चिकटवलं. "हे फाटलं तर वॉरंटी गेली." पार्टचे डबेही ठेवून घेतले, "क्लेमला आमच्याकडेच लागतील." डबे सोडू नका. रिकामे असले तरी आपलेच.

व्हिडिओ एक्सपोर्टला (तयार फाइल बनवायला) लावलं की प्रोसेसर 90 अंशांवर जायचा. या प्रोसेसरची तीच कमाल मर्यादा, त्यामुळे स्पीड पडायचा. दुकानदार म्हणाला, सांगलीचा उन्हाळा आहे, एसी लावा. मग एका रात्री 4के एक्सपोर्ट चालू असताना स्क्रीन काळी झाली आणि खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास. "तुमच्या घरात अर्थिंग नाही," हे त्याचं उत्तर. इलेक्ट्रिशियन आणून तपासलं, अर्थिंग ठणठणीत.

शेवटी मिरजेच्या ओळखीच्या मेकॅनिकने स्टिकर फाडलं. आत 450 वॉटचा लोकल एसएमपीएस निघाला, त्यावर 80 प्लसची खूणही नाही. कार्डाला लागणारी 8 पिनची वायरच त्याला नव्हती, म्हणून साटा प्लगला (हार्डडिस्कला वीज देणारा तोच चपटा प्लग) कन्व्हर्टर जोडून कार्ड चालवलेलं. हे 170 वॉटचं कार्ड. मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून त्याला फार तर 75 वॉट मिळतात, उरलेले या वायरीतून ओढले जातात. 8 पिनचं कनेक्शन 150 वॉटसाठी असतं आणि साटा प्लगची 12 व्होल्टवरची क्षमता आहे जेमतेम 54. प्लग वितळून पिना उघड्या पडल्या होत्या. माझ्या टेबलाशेजारी लाकडी कपाट आहे, घरात लहान मुलं आहेत. यांनी माझ्या घरात आग ठेवली होती, आणि ती नीटनेटकी झाकण्याचे माझ्याकडूनच ₹2,500 घेतले.

कूलर काढला तर तळाला उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचे वाळके पोपडे आणि त्यावरच नवी पेस्ट. वापरलेला कूलर नवा म्हणून विकला.

नवा एसएमपीएस ₹7,400, एअर कूलर ₹2,800, मेकॅनिक ₹1,200. डिलिव्हरी लांबली म्हणून एका पार्टीने ₹15,000 कापले. माझे ₹26,400 गेले.

पोलीस ठाण्यात वितळलेला प्लग टेबलावर ठेवला. साहेबांनी तो हातातसुद्धा घेतला नाही. "हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा." गोल्ड सांगून लोकल माल गळ्यात मारणं हा दिवाणी मामला कसा? भारतीय न्याय संहितेचं 318 कलम फसवणुकीसाठीच आहे ना? लेखी अर्ज दिला तर पोच द्यायलाही तयार नाहीत. "बिल पक्कं नाही, तुम्हीच अडचणीत याल," असा उलट दम! म्हणजे बिल न देणारा मोकळा आणि पैसे भरणारा गुन्हेगार? दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात गेलो, तर संबंधित साहेब मीटिंगला. पुन्हा गेलो, तर रजेवर. खिडकीवरची बाई म्हणाली, कॉम्प्युटरचं आमच्याकडे येत नाही. मग कोणाकडे येतं ते तरी सांगा! तेही नाही. घर पेटलं असतं तर पंचनाम्यात यांनी 'शॉर्ट सर्किट' लिहून फाइल बंद केली असती.

कच्चं बिल असलं तरी गप्प बसू नका, यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअॅपवरचं कोटेशन पुरावाच आहे. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ₹5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. जोडणी चालू असताना एसएमपीएसच्या लेबलचा फोटो काढा. काढू देत नसेल तर पैसे न देता उठा. कार्डाची वायर सरळ एसएमपीएसमधून आली पाहिजे, मध्ये साटा किंवा मोलेक्सचा (जुन्या पद्धतीचा चार पिनांचा प्लग) कन्व्हर्टर दिसला तर मशीन चालूच करू नका.

परवा दुकानदाराचा माणूस घरी आला होता. ₹5,000 घ्या आणि विषय मिटवा, म्हणाला. त्याला दारातूनच परत पाठवला. वितळलेला प्लग, तो एसएमपीएस आणि फाटलेलं स्टिकर पिशवीत जपून ठेवलंय. ते आता आयोगापुढेच निघेल.