१२१ नगांचा दशमान संच: सुटे ढीगभर, दांडे अपुरे

दशमान ठोकळे मागितले की शालेय साहित्याच्या दुकानात बहुतेक वेळा १२१ नगांचा डबा पुढे येतो. आत १०० सुटे, १० दांडे, १० पाट्या आणि हजाराचा एक ठोकळा. सुटा म्हणजे १ सेंमी बाजूचा घन, दांडा १० सेंमी लांब, पाटी १० × १० × १ सेंमी, मोठा ठोकळा १० सेंमी बाजूचा. दहा सुट्यांचा दांडा, दहा दांड्यांची पाटी, दहा पाट्यांचा हजार हे टेबलावर एकदा दाखवायला एवढं अगदी पुरेसं आहे. पण ठोकळे घ्यायचे ते मुलांनी बेरीज-वजाबाकी करावी म्हणून, आणि तिथे हा डबा लगेच तोकडा पडतो.

५८ + ६७ घ्या. मांडतानाच ५ आणि ६ मिळून ११ दांडे लागतात, डब्यात १०. ३४७ + २८५ ला १२ लागतात. दोन अंकी बेरजेतलं टोक म्हणजे ९९ + ९९: १८ दांडे, १८ सुटे, आणि दहा सुटे परत करून मिळणारा हातचा एक दांडा. म्हणजे गटाला १९ दांडे हवेत, सुटे मात्र १८च. दशकाचा व्यवहार नीट करणाऱ्याला शंभर सुटे लागतील असं बेरीज-वजाबाकीचं एकही उदाहरण नाही.

२८ मुलांच्या वर्गात चौघांचे ७ गट धरले आणि प्रत्येकाला २० दांडे, २५ सुटे दिले, तर हिशेब १४० दांडे आणि १७५ सुटे असा होतो. त्यासाठी ७ संच घेतले तर सुटे येतील ७०० आणि दांडे ७०. गरजेच्या चौपट सुटे आणि निम्मे दांडे! त्यापेक्षा २ संच आणि वर वेगळे विकले जाणारे १२० दांडे घ्यावेत. पाट्या कमी पडतील, पण त्या घरी करता येतात: सेंटिमीटरच्या चौकटींचा कागद १० × १० मध्ये कापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचा. या पाट्यांना १ सेंमी जाडी नसते, त्यामुळे दहा रचून हजार होत नाही. तेवढ्यापुरत्या डब्यातल्या खऱ्या पाट्या वापराव्यात.

विकत घेताना दहा सुटे दांड्याशेजारी लावून बघा. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकचा कंगोरा राहिला असेल तर रांग दांड्यापेक्षा लांब भरते, आणि मुलं नेमकं तेच बोट ठेवून दाखवतात. दांड्यावरच्या खाचा बोटाला जाणवल्या पाहिजेत. रंगाबाबत आमचं मत ठाम आहे: सगळे नग एकाच रंगाचे घ्या. सुटे पिवळे, दांडे हिरवे, पाट्या निळ्या असा संच दिसतो छान, पण ‘हिरवा म्हणजे दहा’ एवढंच पाठ होतं आणि दांडा दहा सुट्यांएवढा आहे हे बघायची गरजच उरत नाही. फोमचे ठोकळे आवाज करत नाहीत हा मोठा गुण, पण दाबले की माप बिघडतं. प्लास्टिकचेच घ्या आणि खाली सतरंजी अंथरा. सुटा तोंडात जाईल एवढा लहान असतो, म्हणून अंगणवाडीत हा संच नको.

वापरताना सगळ्यात जास्त घोळ वजाबाकीत होतो. ५२ − २७ साठी मुलं ५२ही मांडतात आणि २७ही, मग काढायचं कशातून ते कळत नाही. मांडायचे फक्त ५२. एक दांडा देऊन दहा सुटे घ्यायचे, ४ दांडे आणि १२ सुटे झाले की त्यातून २७ उचलायचे. प्रत्येक देवघेवीनंतर वहीत एक ओळ लिहून घ्या. नाही तर ठोकळे एकीकडे आणि पाठ केलेली रीत दुसरीकडे, असं दोन्ही वेगवेगळं चालतं. ४०० − १७६ इथे हा संच खरा शोभतो: पाटी मोडून १० दांडे, त्यातला एक मोडून १० सुटे, आणि समोर ३ पाट्या, ९ दांडे, १० सुटे. शून्याच्या डोक्यावर ९ का येतो हे फळ्यावर इतकं उघड दिसत नाही.

एक मर्यादा दुकानदार सांगणार नाही. ठोकळ्यांना जागेचं सोयरसुतक नसतं. ३ दांडे आणि ४ सुटे कसेही विखुरले तरी ३४च. स्थानिक किंमत शिकवायची तर शतक-दशक-एकक अशा रकान्यांचा तक्ता आणि अंकांची कार्डं सोबत हवीतच, विशेषतः ३०४ साठी. शिवाय ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘पन्नास तीन’ अशा धर्तीचं संख्यावाचन आलं तेव्हा वाद बराच झाला, पण अडचण खरी होती. त्रेपन्न म्हटल्यावर आधी ५ दांडे उचलायचे हा नियम केला की लिहिणंही हळूहळू सुधारतं. ३८ पासून ५० किती दूर, असल्या प्रश्नांना मात्र शंभर मण्यांची गणितमाळच बरी.

पाचवीपुढेही डबा कपाटात टाकू नका. १२ × १३ चा आयत रचला की १ पाटी, ५ दांडे, ६ सुटे, म्हणजे १५६. पाटीला १ मानलं की दांडा ०.१ आणि सुटा ०.०१, ०.३५ पेक्षा ०.४ मोठा, हे शेजारी ठेवून दिसतं. हजाराचा ठोकळा म्हणजे १००० घनसेंमी, अर्थात १ लिटर. बैजिक राशींसाठी मात्र हे दांडे वापरू नयेत. १२ × १३ चाच आयत क्ष² + ५क्ष + ६ म्हणून दाखवायचा मोह होतो, पण दांड्यावर दहा खाचा स्पष्ट असल्यामुळे मुलं क्ष = १० धरून बसतात. त्यासाठी लांबी सुट्याच्या पटीत नसलेल्या, बिनखाचांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापाव्यात.

ठेवताना गटागणिक वेगळी पिशवी, वर २० आणि २५ हे आकडे. परत घेताना सुटे दांड्याला लावून मोजायला सांगा: दोन दांड्यांएवढी रांग आणि वर पाच. हरवलेला सुटा तिथल्या तिथे लक्षात येतो.